मागचा गडी

चेंडू या वस्तूशी माझे कधीच जमले नाही. शाळेत असताना तो माझ्या दिशेने येऊ लागला की मी मोठ्या सौजन्याने बाजूला होत असे. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो, बारामतीच्या एका कॉलेजात लागलो, आणि आर्येच्या मात्रा मोजण्यात नि उत्तरपत्रिकांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात चाळिशी उलटली. मोरोपंत पन्हाळ्याहून इकडे आले आणि बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीचेच होऊन गेले. त्यांच्या गावात राहून मराठी शिकवणाऱ्या माणसाने दिवाळी अंकात लिहायचे तर आर्येवर लिहावे, केकावलीवर लिहावे. मी फुटबॉलवर लिहितो आहे हे कळल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये जो हशा पिकला, तो अजून पुरता ओसरलेला नाही.

या साऱ्याला कारण माझा भाचा.

अक्का माझी थोरली बहीण. तिला दिली आहे इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठी. चार एकर ऊस, दोन म्हशी आणि एकुलता एक मुलगा. थंडीत त्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे दुर्बिणी घेऊन भिगवणला येतात. दाजींना त्यांचे काही अप्रूप नाही. पाखरू परमुलखातून आले काय नि शेजारच्या बाभळीवरून आले काय, दाजींच्या लेखी ते पाखरूच.

दहावी झाल्यावर भाचा शिकायला आमच्याकडे बारामतीला आला. पोरगा सहा फुटांच्या घरात गेलेला. आमच्या भागात अशा देहाचा मुलगा एक तर तालमीत जायचा, नाही तर कबड्डीत. हा फुटबॉलकडे वळला. आणि तिथेही कुठे, तर मागे. मैदानावरची मुले त्या जागेला बॅक म्हणतात. वर्तमानपत्रांत बचावपटू असा भारदस्त शब्द छापतात.

एकदा आमच्या सौभाग्यवती माझ्याबरोबर त्याचा सामना पाहायला आल्या. अर्धा तास निमूटपणे पाहून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अहो, तो सारखा मागेच का उभा राहतो? पुढे जाऊ देत नाहीत का त्याला?"

मला हसू आले. पण मग वाटले, प्रश्न अगदी आपल्या घरातला आहे. ‘पुढे जा, मोठा हो’ याखेरीज दुसरा आशीर्वाद आपल्याला ठाऊक आहे का? मुलगा पहिल्या बाकावर बसला पाहिजे, पहिला आला पाहिजे, रांगेतसुद्धा पुढे घुसला पाहिजे. अशा घरातला मुलगा हौसेने मागे उभा राहतो म्हणजे त्याच्यात काही तरी कमी असणार, अशी आपली समजूत. तशी माझीही होती.

२०२२ च्या डिसेंबरात कतारमधली विश्वचषक स्पर्धा संपली. अर्जेंटिना जिंकली, आणि आमच्या गल्लीतली पोरे निळे-पांढरे पट्टे घालून हिंडू लागली. त्याच सुमारास एक गृहस्थ भाच्याच्या मैदानावर उगवले. गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका, गळ्यात शिट्टी, बोलण्यात चार परदेशी शहरांची नावे. पोरगा गुणी आहे, युरोपात तीन महिने चाचणी, मग क्लबाशी करार; खर्च म्हणून साडेसहा लाख तेवढे आधी भरायचे.

आठवड्याने दाजी बारामतीला आले. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत ज्या वाटेने इंदापूरला जाते, तीच वाट उलटी धरून मोटारसायकलवर आले. उसाची पहिली उचल नुकतीच जमा झाली होती. राहिलेली रक्कम सोसायटीकडून आणि दोन्ही म्हशी विकून उभी करायची, असा त्यांचा हिशेब मनात पक्का होता. चहा झाल्यावर त्यांनी ती पुस्तिका माझ्या पुढ्यात ठेवली.

"पाव्हणं, तुमी शिकल्यालं मानूस. वाचून सांगा, खरं का खोटं."

मग जरा थांबून, पोरगा आत गेला आहे असे पाहून म्हणाले, "आन् आणखी एक. ह्यो मागं हुबा राहून करतो तरी काय? गावात इचारत्यात लोक. मला सांगता येत न्हाई."

त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मलाही देता आले नाही. पहिल्याच्या मागे मात्र मी लागलो. आठ दिवस आर्या बाजूला राहिली आणि मी फुटबॉलचे नियम वाचले. जागतिक संघटनेचा, म्हणजे फिफाचा, साधा दंडक आहे: अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे नोंदवता येत नाही. याला मोजके अपवाद. आईबाप खेळाखेरीज दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर; युरोपातल्या युरोपात सोळा वर्षांनंतर; किंवा मुलाचे घर नि पलीकडचा क्लब दोन्ही सरहद्दीपासून पन्नास किलोमीटरांच्या आत असतील तर. आमच्या बारामतीपासून इंदापूर साधारण तितकेच. तेवढ्या टापूत ऊस लागतो, निऱ्याचा डावा कालवा लागतो, साखर कारखाने लागतात. सरहद्द काही लागत नाही. आणि भाच्याला अठरा पुरे व्हायला अजून नऊ महिने होते. तीन महिन्यांत करार कसला होणार होता?

इथवर मी केले ते बरोबरच केले, असे आजही म्हणेन. दाजींना मी नाही म्हणून सांगितले, आणि म्हशी गोठ्यात राहिल्या. पण शिक्षकाला नुसते ‘नाही’ म्हणता येत नाही. त्याला दाखले द्यावे लागतात, निष्कर्ष काढावा लागतो. भाच्याला समोर बसवून मी व्याख्यान सुरू केले.

आधी सांगितले डॉ. आओंचे. तालिमेरेन आओ हे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गेलेल्या आपल्या संघाचे कर्णधार. नागा टेकड्यांतला हा माणूस मागच्या फळीत भिंतीसारखा उभा राहायचा. फ्रान्सविरुद्ध आपण १-२ असे हरलो, आणि आपले बहुतेक गडी तिथे अनवाणी खेळले. आर्सेनलसारख्या बड्या क्लबाने आओंना विचारले होते, असे सांगतात. ते परत आले, वैद्यकी पुरी केली आणि आपल्या मुलखात डॉक्टर म्हणून राबले. हा दाखला मला फारच सोयीचा होता, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. मग १९३६ साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाकडून पायांना पट्ट्या बांधून खेळलेला कोलकात्याचा सलीम. दोन सामन्यांतच लोकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि तरी घरच्या ओढीने तो परतला.

भाचा ऐकत होता. मधेच त्याचे डोळे चमकले आणि तो म्हणाला, "मामा, हे जुनं झालं. झिंगन आत्ता जाऊन आला, क्रोएशियाला."

संदेश झिंगन हे नाव तोवर मला आठ दिवसांच्या वाचनापुरतेच ठाऊक होते. भाच्याला तो तोंडपाठ होता. चंदीगडचा मुलगा, २०१४ पासून केरळ ब्लास्टर्सच्या बचावाचा खांब, २०२० मध्ये त्याने तो क्लब सोडला तेव्हा त्याचा २१ हा क्रमांक त्यांनी बाजूला काढून ठेवला. पण भाच्याला सांगायची होती ती १० सप्टेंबर २०१९ ची रात्र. दोहा इथला सामना. समोर कतार, त्याच वर्षी आशियाचे विजेते झालेले, आणि पाच दिवसांपूर्वी अफगाणिस्तानवर सहा गोल चढवून आलेले. आपला सुनील छेत्री आजारी. "गोलात गुरप्रीत. त्याच्यासमोर चौघं. उजवीकडे राहुल भेके, मध्ये आदिल खान आणि झिंगन, डावीकडे मंदार राव देसाई. नव्वद मिनिटं, मामा. ते येतच होते, येतच होते. आणि शून्य-शून्य!"

"शून्य-शून्य म्हणजे कोणी जिंकलेच नाही," मी म्हणालो.

"हो ना!" तो आनंदाने म्हणाला. माझ्या बोलण्यात आक्षेप होता, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

आणि इथे मी ते केले, ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे. वाचून ठेवलेली शेवटची माहिती मी बाहेर काढली. महिन्याभरातच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, सराव-सामन्यात झिंगनचा गुडघा गेला आणि पुढचा सगळा हंगाम त्याने बाहेर काढला. त्यातून उठून उभा राहिला. २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२०-२१ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि मग ऑगस्ट २०२१ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा असताना, इथली पक्की जागा सोडून तो क्रोएशियातल्या शिबेनिक या समुद्राकाठच्या गावी गेला. आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मीही लोकवस्ती नसलेला तो देश. पण २०१८ साली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेला. तिथल्या पहिल्या प्रतीच्या क्लबाकडून खेळायचे होते. सरावातच दुखापत झाली. जानेवारी २०२२ मध्ये तो आपल्या जुन्या क्लबाकडे परत आला.

"किती सामने खेळला तिथे?" मी विचारले.

भाचा गप्प.

"एकही नाही. देशातला पहिल्या नंबरचा गडी, आणि तिकडे जाऊन पदरात शून्य. मग तुझी काय कथा?"

हे वाक्य मी ज्या सुरात बोललो तो सूर मला अजून ऐकू येतो. वर्गात एखाद्या मुलाने कवितेचा भलताच अर्थ सांगितला की मी लावतो, तोच सूर. भाचा उठला, पुस्तिका दुमडून दप्तरात ठेवली आणि मैदानावर गेला. त्या दिवसानंतर बारावीची परीक्षा होईपर्यंत तो आमच्याच घरात होता. जेवायला बसायचा, ‘मामी, भाजी’ एवढे म्हणायचा. माझ्याशी कामापुरते बोलायचा. परीक्षा झाली आणि ट्रंक घेऊन गावी गेला. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "पैसे वाचवलेत ते बरं केलंत. पण तेवढंच करायचं होतं."

वर्षभर दाजींबरोबर त्याने शेत केले. अक्काच्या फोनवरून बातम्या कळत. रोज पहाटे तो गावच्या शाळेच्या पटांगणावर एकटाच भिंतीवर चेंडू मारीत बसतो, हे तिने सांगितले तेव्हा मला घास गोड लागेना. पुढे जिल्ह्यातल्या एका स्पर्धेत कुणा जाणत्या प्रशिक्षकाने त्याला हेरले, आणि २०२४ च्या पावसाळ्यात तो गोव्याला गेला. खालच्या गटातला एक लहानसा क्लब; राहायला खोली, दोन वेळचे जेवण, वर थोडे पैसे, आणि सकाळी कॉलेज. एक पैसा कोणी मागितला नाही. अक्काच्या दृष्टीने मात्र गोवा म्हणजे परदेशच. "मासे खातात रे तिथं रोज," ती मला म्हणाली. "तू जाऊन बघून ये. मामा आहेस."

जायला मला दिवाळीनंतरचा मुहूर्त लागला. मडगावला उतरलो तेव्हा भाचा स्टँडवर उभा होता. खांदे भरलेले, रंग रापलेला. नमस्कार केला, पिशवी घेतली. मी त्याच्यासाठी अक्काने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी बाहेर काढली. त्याने ती तिथेच उघडून वास घेतला. बोलणे तेवढेच झाले.

संध्याकाळी तो मला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर घेऊन गेला. एफ. सी. गोवाचा सामना होता. झिंगन २०२३ पासून याच संघात. मध्यंतरी तो एक हंगाम बंगळूरला होता. आणि जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात सीरियाविरुद्ध खेळताना पुन्हा गुडघा दुखावून बाहेर पडला होता. तेही कतारमध्येच, जिथे त्या चौघांनी नव्वद मिनिटे काढली होती. एका देशाशी माणसाचे असे काही नाते जुळते, कोण जाणे!

सामना सुरू झाला. हजारो माणसे चेंडूबरोबर डावी-उजवीकडे माना फिरवीत होती, मीही फिरवीत होतो. दहा मिनिटांनी भाचा म्हणाला, "मामा, चेंडू बघू नका."

"मग काय बघू?"

"त्याला बघा. फक्त त्याला."

तसे पाहणे सोपे नाही. डोळा सारखा चेंडूकडे पळतो. पण नेटाने पाहू लागलो आणि एक वेगळाच खेळ दिसू लागला. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना हा दाढीवाला उंच गडी स्वस्थ उभा नव्हता. दोन पावले पुढे, एक मागे. हात करून डावीकडच्याला आत ओढ, ओरडून उजवीकडच्याला मागे घे, मान वळवून पाठीमागे कोण आहे ते पाहा. समोरचा गडी जिथे धावत जाणार तिथे हा आधीच जाऊन उभा. मग तो गडी वळतो, चेंडू दुसरीकडे जातो आणि काहीच घडत नाही. हे ‘काहीच घडत नाही’ किती तरी वेळा घडले. वर्तमानपत्रात त्याची ओळही येणार नव्हती.

मला आपला खो-खो आठवला. आपल्या लोकांनी काढलेला हा खेळ मोठा न्यायी. तिथे संरक्षण करणारा किती मिनिटे, किती सेकंद टिकला याची नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी ती छापूनही येते. फुटबॉलमध्ये मागच्या गड्याचे घड्याळ कोणी लावीत नाही. राहुल भेकेचेच पाहा. आपल्या मुंबईचा मुलगा. त्याचे नाव मोठ्या टायपात केव्हा आले? १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर, बंगळूरकडून जादा वेळेत डोक्याने गोल मारून गोव्याला हरवले तेव्हा. आणि ११ एप्रिल २०२२ रोजी सौदी अरबस्तानात रियाध इथे, मुंबई सिटीकडून इराकच्या क्लबावर विजयी गोल केला तेव्हा. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबाचा तो पहिला विजय. दोन्ही वेळा त्याने आपली जागा सोडून पुढे जाऊन, दुसऱ्याचे काम केले होते. दोह्याच्या रात्री त्याने स्वतःचे काम केले, ते भाच्यासारख्या पोरांच्या लक्षात राहिले.

मध्यंतरात मी घसा साफ केला. "त्या दिवशी मी ते शिबेनिकचं बोललो ना—"

"मामा," तो म्हणाला, "त्याला ठाऊक असणारच की तिथं आपल्याला कोणी ओळखत नाही. इथं सगळं होतं. तरी गेला. लागलं, ते त्याच्या हातात नव्हतं. परत येऊन पुन्हा उभा राहिला, ते होतं. मी रोज ते डोक्यात ठेवतो." आणि मग मला अवघडायला नको म्हणून की काय, "चणे घेता का?"

चणे घेतले. उत्तरार्धभर मी चेंडूकडे पाहिले नाही.

परत आल्यावर इंदापूरला गेलो आणि दाजींच्या दोन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न केला. मागचा गडी काय करतो, समोरच्याची वाट आधी कशी ओळखतो, चौघांनी एका ओळीत कसे राहायचे असते. नेहमीप्रमाणे लांबण लावली. दाजी तंबाखू मळीत ऐकत होते.

"म्हंजी दारं धरायचं काम की," ते म्हणाले.

शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. उसाला पाणी बहुधा रात्री द्यावे लागते, कारण वीज रात्री असते. अंधारात फावडे घेऊन उभे राहायचे. एक सरी भरली की तिचे तोंड मातीने बंद करून पाणी दुसरीत सोडायचे. पाणी कुठून फुटू पाहते आहे ते आवाजावरून ओळखायचे आणि आधीच तिथे जाऊन भर घालायची. रात्र नीट गेली तर सकाळी रानात काही दिसत नाही. खांड पडली तरच साऱ्या गावाला दिसते.

"मंग तसं सांगायचं न्हाई का आधी?" दाजी म्हणाले. माझ्या एम. ए. कडे त्यांनी इतक्या करुणेने पूर्वी कधी पाहिले नव्हते.

यंदा फेब्रुवारीत मी हुरड्याला अक्काकडे गेलो होतो. भाचा तोवर बहुतेक सामने राखीव बाकावर बसून होता. रात्री दहाच्या सुमारास त्याचा फोन आला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच पुरी नव्वद मिनिटे खेळला होता. दाजी उसात होते. अक्का म्हणाली, त्यांनाच दे. आणि आम्ही दोघे बॅटरी घेऊन बांधाबांधाने निघालो. दाजी गुडघाभर पाण्यात फावड्यावर रेलून उभे होते. मी फोन मोठ्याने लावून त्यांच्यापुढे धरला.

"किती गोल?" दाजींनी विचारले.

"एकबी न्हाई, आबा."

"आन् आपल्यावर?"

"एकबी न्हाई."

दाजींनी मान हलवली. पलीकडच्या सरीत पाण्याचा आवाज बदलला होता. मला तो ऐकू आला नाही, त्यांना आला.

"बरंय. जेवून घे आता," ते म्हणाले. "ठेव फोन. फुटतंय हितं."